साखरबाईच्या सात चंद्र्या

न्हावऱ्याच्या दूध संस्थेचे चेअरमन दत्ता यांनी आईचं लुगडं नेसलं, हे खरं आहे. ज्यांनी पाहिलं नाही तेच ते जास्त रंगवून सांगतात. लुगडं हिरवं होतं, डोक्यावर पदर होता, नाकात नथसुद्धा होती, अशी बातमी चौफुल्यापर्यंत पोचली आहे. नथ नव्हती. लुगडं जांभळं होतं, आणि नेसलं म्हणण्यापेक्षा गुंडाळलं होतं, कारण नऊवार नेसायचं कसं हे घरात जिला ठाऊक होतं तिला जाऊन चार दिवस झाले होते.

बावन्न वर्षांचा, भरघोस मिशीचा, चारचौघांत मान असलेला माणूस लुगडं गुंडाळून म्हशीखाली का बसतो, हे समजायचं तर आधी त्याची आई समजायला हवी. आणि आई समजायची तर म्हैस.

साखरबाई खुटबावची. दौंड तालुक्यातली, म्हणजे न्हावऱ्याच्या माणसाच्या हिशेबानं नदीपलीकडची. घरात थोरली. नवव्या वर्षी मोटेच्या बैलांमागं, अकराव्या वर्षी पेरणीला चाड्यावर. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे पाभरीमागं चालत बी असं सोडायचं, की बाजरी दाट उगवू नये आणि विरळही उगवू नये. साखरबाईची मूठ अशी, की शेजारपाजारचे लोक पेरणीला तिला मागून न्यायचे. बाप आधी "पोरगी ल्हान हाय" म्हणायचा, मग पाठवायचा. सुगीत त्या घरांतून पायली पायली बाजरी आली, की पोरगी लहान असल्याचं विसरायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलगा न्हावऱ्याचा, नाव पोपटराव. दुष्काळात बापाकडं द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून आंदण म्हणून म्हशीची एक वगार दिली. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं. भीमेच्या पात्रात घोट्याएवढं पाणी. गाड्या पार झाल्या, वगार मात्र काठावर पाय रोवून उभी राहिली. चार बाप्ये ओढून दमले. तेव्हा नवरीनं मुंडावळ्या मागं सारल्या, गाडीतून उतरली, वगारीच्या कानाशी काहीतरी बोलली आणि पाण्यातून पुढं चालायला लागली. वगार तिच्या मागून. नवरदेव पोपटराव गाडीत बसून पाहत राहिले, आणि पुढं त्रेचाळीस वर्षं बहुतेक गोष्टी त्यांनी अशाच पाहिल्या.

कानात काय बोलली, हे मात्र कुणाला कळलं नाही. पोपटरावांनी विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, "तुमच्याशी न्हवतं बोलले."

त्या चंद्रीची रेडी चंद्री, तिची रेडी चंद्री. नवं नाव शोधायला साखरबाईला सवड नव्हती. तिला दोन मुलगे झाले, दत्ता आणि सत्यजीत, आणि त्यांना नावं ठेवली तीच पुष्कळ झाली, असं ती म्हणायची. दोघांवर तिचा भारी जीव. पण तिचा जीव अंगावर आला की माणसाला वाटायचं आपलं काहीतरी चुकलंय. दत्ता शाळेत पहिला आला तेव्हा ती म्हणाली, "दुसरी पोरं आजारी व्हती का?" सत्यजीत इंजिनियर होऊन वाघोलीत चौथ्या मजल्यावर राहायला गेला. ती तिकडं दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं परत आली. का आलीस विचारलं, तर म्हणाली, "तिथं सकाळी उठून करायचं काय? बसायचं? मी काय पावनी हाय?" तेव्हापासून दर महिन्याला कांद्याची गोणी मात्र वाघोलीला जायची. सत्यजीतच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नव्हती. त्याची बायको काही बोलली नाही, एवढ्यावरून ती बाई चांगल्या घरची आहे हे कळतं.

दत्तानं पहिल्या पगारातून आईला खुर्ची आणली. ती वीस वर्षं प्लॅस्टिकच्या कागदात होती. पावणे आले की साखरबाई म्हणायची, "बसा की खुर्चीवर, नवी हाय."

तिची स्वतःची जागा एकच, गोठ्यातलं पाट्याएवढं दगडी बसकं. सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. धार काढताना ती बोलायची. मोठ्यानं. घरातल्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "आई म्हशीशी बोलते," एवढंच. दत्ताची बायको अनुपमा अंगणवाडीत शिकवते, ती कधी कधी हसून म्हणायची, "आत्याबाई आमच्याशी आठवड्यात बोलतात तेवढं चंद्रीशी एका धारेला बोलतात."

आता भांडणाचं सांगायला हवं.

पोपटराव आणि त्यांचा धाकटा भाऊ हौसराव यांच्यात एकच विहीर. आठ आठ तासांची पाळी. एक दिवस पोपटरावांच्या पाळीत तीन तास झाले आणि लाइट गेली. पाच तासांनी आली. पोपटराव म्हणाले, माझे पाच तास राहिले. हौसराव म्हणाले, घड्याळाला लाइट लागत नाही, पाळी संपली. लाइट गेलेले तास पाळीत धरायचे की नाही, या प्रश्नावर अख्खं गाव पंधरा दिवस झोपलं नाही. शेवटी दोघे भाऊ खंडोबाच्या देवळात गेले आणि बेलभंडारा उचलून शपथ घेतली: या घरचं माणूस त्या घरच्या माणसाशी जन्मात बोलणार नाही. वाटणी झाली. गोठा एकच लांबलचक, त्याच्या मधोमध पत्रा ठोकला. पत्र्याअलीकडं साखरबाई आणि तिची म्हैस. पलीकडं हौसरावांची बायको नकुशी आणि तिची गाय, हरणी.

याला सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात पोपटराव गेले. त्यांच्या मयतीला हौसराव आले, दहा पावलं मागं उभे राहिले आणि गेले. परवा साखरबाई गेली तेव्हाही तसंच. सरणाची लाकडं मात्र हौसरावांच्याच ट्रॉलीतून आली होती, आणि ट्रॉली कुणी सांगितली, हे कुणी विचारलं नाही. सुतक दोन्ही घरांनी धरलं. वेगवेगळं.

साखरबाई अंगणात लसूण सोलता सोलता गेली, अर्धी परडी राहिली. दुःख करायला घरात माणसं होती, पण चंद्रीनं जे केलं ते कुणाला जमलं नाही. तिनं दूध बंद केलं.

ही सातवी चंद्री. दुसऱ्या दिवशी अनुपमा धारेला बसली. चंद्रीनं वळून तिच्याकडं पाहिलं आणि पान्हा चोरला. दत्ता बसला, तेव्हा पाहिलंही नाही. आंबोण दिलं, सरकी पेंड दिली, गूळ चारला. तिनं ते सगळं खाल्लं. रेडकू सोडलं तर त्याला घोटभर द्यायची आणि लगेच आवरून धरायची. पशुवैद्य आले. ते दत्ताच्या संस्थेतलेच, त्यामुळं त्यांनी आधी सांत्वन केलं आणि मग कासेला हात लावला. म्हणाले, "चेअरमन, कास दगडावानी झालीय. अजून दोन दिवस अशी राहिली तर सड बसतील. मग ही दुधाची म्हस राहायची न्हाई."

सत्यजीत बांधकामाच्या हिशेबानं विचार करतो. तो म्हणाला, "दादा, राग मानू नको. तुझी कंबर गेलेली, वहिनींना अंगणवाडी. कोण करणार म्हशीचं? शिरूरच्या एका हेड्याशी बोललोय. उद्या सकाळी बघून जाईल, न्यायची दहाव्यानंतर. आटली तर तोसुद्धा हात लावायचा नाही."

"आईची म्हस हाय, सत्या."

"म्हणूनच म्हणतो. चांगल्या घरी जाऊ दे."

गुरांचा दलाल असलेला हेड्या म्हैस कुठल्या घरी नेतो हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघेही पुढं बोलले नाहीत.

दत्ताला कोड्यात टाकलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. खुटबावला आता मामा उरले नव्हते, घर पडून तिथं दुसऱ्याचं गोदाम झालं होतं. आई तिकडून जे घेऊन आली त्यातलं चालतंबोलतं असं काही उरलं असेल, तर ती ही चंद्री. आणि ती जर हेड्याच्या टेम्पोत चढली, तर आई खुटबावहून आली होती याला पुरावा काय? चेअरमन माणूस, त्याला सगळ्याला पुरावा लागतो.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं बायकोला विचारलं, "आईचं जांभळं लुगडं कुठंय?"

अनुपमानं कशाला ते विचारलं नाही. दांडीवरून काढून दिलं. मग म्हणाली, "मिशीचं काय?"

"म्हस मागं बघत न्हाई."

"परवा माझ्याकडं बघितलं होतं."

"मग डोक्यावर पदर घेतो."

असा तो पदर. त्यामागं दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला दत्ता गोठ्यात शिरला. सत्यजीतला काहीतरी कारण काढून डेअरीवर पाठवलं होतं. दारात अनुपमा पाठ करून उभी, म्हणजे कुणी आलं तर ‘चेअरमन आंघोळीला गेलेत’ म्हणायला. दत्ता दगडी बसक्यावर बसला. लुगडं गुडघ्यावर ओढलं, बादली धरली, कासेला हात लावला. लुगड्याला तंबाखूचा, शेणाचा आणि कसल्याशा बामाचा वास होता. चंद्रीनं नाक वर केलं. फुस्स केलं. कास सैल व्हायला लागली, दत्ताला बोटांत कळलं. त्यानं श्वास धरला. दोन धारा बादलीत वाजल्या. मग चंद्रीनं कान टवकारले, पत्र्याच्या दिशेनं, आणि वाट पाहिल्यासारखी उभी राहिली. धार थांबली. कास पुन्हा दगड.

दत्ता तसाच बसून राहिला. अशी पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात पलीकडून बादलीची कडी वाजली आणि नकुशीकाकीचा आवाज आला.

"हरणे, बघितलंस का? पलीकडं लुगडं आलंय. बाई न्हाई आली."

दत्ताच्या हातातला सड सुटला. सव्वीस वर्षांत काकीचा आवाज त्यानं इतक्या जवळून ऐकला नव्हता.

"मुकी धार त्या बाईनं कवा काढली न्हाई, हरणे. बसल्या बसल्या आदी इचारायची, आज कालवण काय केलंय. आन् ही लोकं चार दिवस झाली, तोंडात मीठ धरल्यावानी बसत्यात. म्हस काय करील?"

दत्ताला शपथ आठवली. या घरचं माणूस त्या घरच्या माणसाशी. मग हळूहळू, चेअरमनच्या डोक्यात हिशेब पोचायला वेळ लागतो, त्याच्या ध्यानात आलं. म्हशीचं नाव शपथेत नव्हतं. गायीचंही नव्हतं. देवळात दोघे भाऊ बेलभंडारा उचलून घरी यायच्या आत दोघी जावांना हे कळलं असणार. आई म्हशीशी बोलत नव्हती. आई सव्वीस वर्षं पत्र्याशी बोलत होती, आणि पत्रा उत्तर देत होता.

त्यानं घसा खाकरला. "चंद्रे," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "चंद्रे, आज आमच्यात मुगाची आमटी हाय. सुतकाची. बिनफोडणीची."

चंद्रीचा एक कान त्याच्याकडं वळला.

"आमच्यात बी तीच हाय, हरणे," पलीकडून आलं. "म्हाताऱ्याला जात न्हाई घशाखाली. भावजयीवर राग व्हता म्हनं. रागाचा मानूस असा जेवायचा सुटतो का, इचार त्याला."

दत्तानं बादली पुन्हा धरली. "चंद्रे, आई... आई हितं काय काय बोलायची?"

"काय बोलायची? समदं बोलायची, हरणे. सत्यजीतच्या बायकोला दिवस ऱ्हायलेले पयलं मला ठावं... हरणीला ठावं झालं. मग त्यांच्या घरात. चेअरमनच्या बापानं खोकल्याचं औषध म्हनून काय प्यायला सुरवात केली, त्ये बी. बापाला वाटायचं कुणाला ठावं न्हाई." काकीनं बादली जरा सरकवली. "आन् डेअरीचं इलेक्शन."

"इलेक्शनचं काय, चंद्रे?"

"दोन मतांनी आला ना गं चेअरमन निवडून, हरणे?"

आला होता. दोन मतांनी. आणि पाच वर्षं तो मारुतीच्या पारावर सांगत आला होता, की चुलत्याच्या घरातली दोन मतं विरोधात जाऊनही मी आलो. हे तो भाषणात म्हणायचा. एकदा तर फ्लेक्सवर घातलं होतं.

"साखरबाईनं चंद्रीला सांगितलं," पलीकडचा आवाज शांत होता, "पोरगं पडलं तर आजारी पडंल. मी हरणीला सांगितलं, म्हातारा ऐकायचा न्हाई. मग दोन दिस म्या म्हाताऱ्याला भाकरी दिली न्हाई. तिसऱ्या दिशी म्हातारा आन् मी दोघं बी गेलो आन् चेअरमनच्या नावावर शिक्का मारून आलो. फ्लेक्स वाचला त्यानं पुढं. चांगला मोठा व्हता."

दत्तानं पदर डोक्यावरून खाली घेतला. त्याला एकाएकी उकडायला लागलं होतं.

त्याच वेळी चंद्रीनं मागचा पाय जरा फाकवला, एक लांब उसासा टाकला आणि पान्हा सोडला. दत्ता दोन्ही हातांनी ओढायला लागला. बादलीत आधी टणटण, मग घुमा आवाज यायला लागला. पलीकडंही धार चालू होती. बराच वेळ दोन्ही बाजूंनी नुसत्या धारांचे आवाज.

"चंद्रे," शेवटी दत्ता म्हणाला, "लग्नात आई नदीवर तुझ्या पणजीच्या पणजीच्या कानात काय म्हणाली, ते कुणाला कधी सांगितलं का गं तिनं?"

काकीची धार थांबली.

"सांगितलं की. म्हनाली, मला बी जायाचं न्हाई. पन दोघी जाऊ."

बादली भरली तेव्हा त्याला दिसलं, की फेस काठावरून लुगड्यावर उतरतोय. त्यानं लुगड्याचं टोक बाजूला घेतलं, घडी घालतात तसं.

"आन् हरणे," काकी म्हणाली, "साखरबाई असं बी म्हनली व्हती, माझ्यामागं दत्ता यील हितं बसायला. यील तवा बोल म्हनली. लुगडं नेसून यील असं मात्र म्हनली न्हवती."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेड्या आला. सत्यजीत त्याला घेऊन गोठ्याशी आला, तर आत चेअरमन लेंगा-बंडीत म्हशीखाली बसलेले, बादली अर्ध्यावर, आणि म्हशीला सांगताहेत की वाघोलीच्या गॅलरीत कांद्याला कोंब आलेत. पत्र्यापलीकडून गायीला कुणीतरी सांगतंय की कोंब आलेला कांदा आमटीत चालतो. हेड्यानं बरंच पाहिलेलं असतं. तरी तो दारातच थांबला.

"चेअरमन, म्हस बघायची व्हती."

"बघा की. बघायला काय जातंय?"

"इकायची न्हाई का?"

दत्तानं चंद्रीला विचारलं, "चंद्रे, सत्या म्हणतोय तुला इकायची. काय सांगू?"

पलीकडून हरणीला उत्तर मिळालं, की आजपतुर या घरातली एक बी चंद्री टेंपोत चढली न्हाई, मागल्या सहा बी पिढ्या दावणीलाच गेल्या, हे त्या पावण्याला सांग.

हेड्यानं सत्यजीतकडं पाहिलं. सत्यजीतनं पत्र्याकडं पाहिलं. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हिशेब न करता बोलायला तोंड उघडलं, आणि कुणाशी बोलायचं हे न कळून तो वाकला आणि म्हशीला म्हणाला, "काकी बऱ्या आहेत का?"

"बरी हाय," पलीकडून आलं, "आन् कांदं पाठवू नगा म्हनावं, तिथं जागा न्हाई."

हेड्या चहा पिऊन गेला. जाताना अनुपमाला म्हणाला, "वहिनी, मोठी घरं असली की असंच असतंय." तिनं मान हलवली. 

दहाव्याला दोन्ही घरं घाटावर होती, दहा पावलांच्या अंतरानं. पत्रा अजून आहे. काढायला दोघांनाही हरकत नव्हती, पण काढायचा कुणी, हे ठरवायला आधी बोलावं लागलं असतं. आणि शपथ ती शपथ, खंडोबाची.

त्याच संध्याकाळी दत्ता धारेला बसला होता. काकीची बादली वाजली नाही. त्याऐवजी काठी टेकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी जड माणूस दगडावर बसलं. हरणी जरा बिथरली. मग हौसरावांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज दत्तानं ओळखला, कारण तो हुबेहूब आप्पांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा होता.

"हरणे," हौसराव म्हणाले, "आपलं म्हननं अजून तेच हाय. लाइट गेलेलं तास पाळीत धरायचं."

दत्तानं सडावरचे हात सोडले नाहीत.

"चंद्रे, आप्पांचं म्हणणं व्हतं धरायचे न्हाईत. आमचं बी तेच."

पलीकडं काठी दोनदा जमिनीवर आपटली. मग म्हातारा म्हणाला, "हरणे, उद्या सकाळी येतो. तवा बोलू." आणि काठीचा आवाज दाराकडं गेला.

चंद्री दूध देत होती.